अस्कान्स बाईंचा फोटो

"ही कोण?" मी विचारलं.

अजितच्या हातात अजून वरचा तपकिरी कागद होता. फ्रेम दिवाणावर भिंतीला टेकवून तो मागं सरला होता, मला नीट दिसावी म्हणून.

"बाबा, असं काय विचारता? आई आहे."

"ही तुझी आई नाही."

दिवाणाशेजारच्या खुर्चीत तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझ्या बायकोचे, शालनचे थोरले भाऊ. तिच्या तेराव्याला आलेले, दुसऱ्या दिवशी शाळेत तिची शोकसभा होती म्हणून थांबले होते. ते उठले, धोतराच्या टोकानं चष्मा पुसला, वाकून जवळून बघितलं आणि काचेवरून बोट फिरवलं.

"शाले," ते म्हणाले, "किती छान दिसतीस गं."

फोटो तिच्या निवृत्तीच्या दिवशीचा होता. शाळेच्या पायऱ्यांवर सगळ्या शिक्षकांचा मिळून काढलेला. त्यातून तिला एकटीला बाजूला काढून मोठी केली होती. साडी तीच, मोतिया रंगाची. हनुवटीवरचा तीळ जागेवर. कुंकू जरा एका बाजूला सरकलेलं, तेही तसंच. फक्त डोळे दोन्ही सरळ समोर बघत होते. बँकेच्या कॅलेंडरवरची बाई बघते तसे.

शालनचा डावा डोळा लहानपणापासून बाहेरच्या बाजूला वळलेला होता. उजवा जिथं बघेल तिथं डावा कधी गेला नाही. सांभाळून बोलणारे तिला तिरळी म्हणत, बाकीचे चकणी. शाळेतली पोरं म्हणत, बाईंच्या एका डोळ्यात सातारा आणि एका डोळ्यात सांगली. ती इंग्रजी शिकवायची. हे सगळं तिला माहीत होतं, आणि सातारा-सांगलीचं तर आवडायचंसुद्धा.

"डोळा सरळ केलाय," मी म्हणालो. "तू सांगितलंस?"

"नाही. मी फक्त मोठा करायला सांगितला होता. स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं केलं. पण चांगलं केलं बाबा. मला आवडला."

"परत ने."

"उद्या सकाळी सभा आहे. मग हा फोटो कायमचा शाळेच्या हॉलमध्ये लागणार. आता कुठं परत न्यायचा?"

"मग मी नेतो."

"हणमंतराव, जरा दमानं घ्या," तात्या म्हणाले. "तुम्हाला तिची खरी परवड माहीत नाही. तुमच्याआधी किती ठिकाणांहून नकार आले ते मी बघितलंय. पाहुणे यायचे झाले की मी तिला खिडकीकडं तोंड करून बसवायचो. मान वर करू नको म्हणून बजावायचो. पाहुणे निघून गेले तरी ती तशीच बसून राहायची, खाली बघत, मी 'ऊठ' म्हणेपर्यंत. जन्मभर लोक हसले हो तिला. मेल्यावर तरी सरळ बघू द्या."

ते मनापासून बोलत होते. तरी मी म्हणालो, "ती सरळच बघत होती, तात्या. खाली बघायला तिला तुम्ही लावलंत."

तात्या परत खुर्चीत बसले.

"मामांना कशाला बोलता?" अजित तापला. "माझं ऐकायचंय का तुम्हाला? मी त्याच शाळेत होतो. चकणीचा अज्या म्हणायचे मला. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी असली की मी तिच्याकडं बघायचो नाही. उगाच बुटाची नाडी बांधत बसायचो. आता तो फोटो हॉलमध्ये लागला की नवी पोरं पुन्हा तेच सुरू करणार. मला ते नकोय."

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. त्याचं वय तेव्हा तिशीच्या पुढं होतं, पुण्याला चांगल्या नोकरीत होता, आणि बोलताना त्याचा ओठ आठवीतल्या पोरासारखा थरथरत होता.

"तू तिला बोलला होतास का हे?"

"काय बोलणार?"

मी कागद घेतला, फ्रेम गुंडाळली आणि दाराशी नेऊन ठेवली.

"हसणाऱ्यांच्या सोयीसाठी मी माझी बायको बदलून घेणार नाही," मी म्हणालो. "उद्या हॉलमध्ये लागली तर तीच लागेल. नाहीतर भिंत मोकळी राहील."

शालनची माझी ओळख एस.टी.त झाली.

मी कोरेगाव डेपोला ड्रायव्हर होतो. शिक्षण सातवी. शाळेच्या वेळेची सकाळची गाडी माझ्याकडं असायची. शालन नुकतीच शाळेत लागली होती आणि माहेराहून रोज जाऊन येऊन करायची. डावीकडच्या पहिल्या सीटवर, खिडकीशी बसायची. एस.टी.त ड्रायव्हरच्या डोक्यावर एक आतला आरसा असतो, मागचे प्रवासी दिसावेत म्हणून. त्या आरशात मला ती दिसायची, आणि जेव्हा बघावं तेव्हा तिचा डोळा माझ्यावर असायचा.

पहिले काही दिवस मी मनावर घेतलं नाही. नंतर खाकी शर्टाला इस्त्री करून घ्यायला लागलो. खिशात कंगवा आला. आमचा कंडक्टर मुलाणी तिकिटं फाडत फाडत पुढं यायचा आणि माझ्या कानाशी म्हणायचा, "ड्रायव्हरसाहेब, रस्ता पुढं आहे. आरशात नाही."

शेवटी एक दिवस एका थांब्यावर गाडी उभी असताना मी मागं वळलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, रोज माझ्याकडं काय बघता एवढं?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. दुसरी एखादी असती तर पदरात तोंड लपवून तिथंच उतरून गेली असती. ती उठून उभी राहिली.

"मी तुमच्याकडं बघत नाही," ती म्हणाली. "मी बाहेरच्या चिंचा बघते. माझा एक डोळा इकडं जातो, एक तिकडं जातो. त्यातला एखादा तुमच्याकडं आला तर मी काय करू? वेगळं तिकीट काढू का त्याचं?"

सगळी गाडी हसायला लागली. मुलाणीनं दोरी ओढून दोनदा घंटी वाजवली आणि ओरडला, "चला ड्रायव्हरसाहेब, चिंचा बघत बघत!"

त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिंचा होत्या हे खरं होतं. माझे कान गरम झाले. गियर पडेना. पण मी आरशात बघितलं तर ती खाली बघत नव्हती. हसणाऱ्या गाडीत मान वर करून बसली होती, जशी रोज बसायची तशीच.

पुढच्या महिन्यात मी तिच्या घरी निरोप पाठवला. आम्ही बघायला गेलो तेव्हा तात्यांनी तिला खिडकीकडं तोंड करून बसवलं होतं. मी म्हणालो, "त्यांना इकडं तोंड करून बसू द्या. मी रोज बघतोय, मला सवय आहे." तात्यांचा चेहरा उतरला. ती मात्र इतक्या मोठ्यानं हसली की आतून तिची आई बाहेर डोकावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओ उघडायच्या आधीच फ्रेम मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. स्टुडिओ बोराटेचा. चाळिशीचा, अंगानं भरलेला, तोंडात कायम बडीशेप. मला बघून तो धावत आला.

"काका, फ्रेमला काही झालं का?"

"डोळा परत कर."

त्याला आधी कळेना. मग कळलं तसा तो खूश झाला. "तुमच्या लक्षात आलं होय! उजवा डोळाच उलटा करून डावीकडं बसवलाय. जोड दिसतो का बघा कुठं. लग्नाच्या फोटोंना आम्ही हेच करतो. डाग काढायचे, रंग उजळायचा. लोकांना आवडतं."

"लोकांचं लोकांजवळ. मला माझी बायको पाहिजे."

"काका, मी बाईंचाच विद्यार्थी आहे. मला वाटलं, त्यांच्यासाठी आपल्या हातून एवढं तरी व्हावं."

तो शटर वर करून आत गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो आणि गिऱ्हाइकाला फोटोसाठी बसवतात त्या स्टुलावर बसलो.

"कुठल्या वर्गात होतास तिच्या?"

"आठवी ब."

"पहिल्या दिवशी काय शिकवलं तिनं?"

बोराटे हसला. आमच्या गावात तिच्याकडं आठवी केलेला कोणीही या प्रश्नाला हसतो.

"अस्कान्स," तो म्हणाला. "म्हणून तर त्यांना आम्ही अस्कान्स बाई म्हणायचो. स्पेलिंग सांगू? अजून पाठ आहे."

मला इंग्रजी येत नाही. पण हा शब्द माझ्या घरातला होता. दर वर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना ती मला सांगायची, आज अस्कान्स कसा झाला. कोण हसलं, कोण घाबरलं, कोण नुसतंच बघत राहिलं.

"अर्थ सांग," मी म्हणालो.

"तिरकं बघणं. म्हणजे संशय आल्यासारखं, नापसंत असल्यासारखं. असं." त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघून दाखवलं. "बाई लय विनोदी हो काका. स्वतःच्या डोळ्यावरनं शब्द शिकवला. आम्ही पोट धरून हसलो होतो."

"अर्थ झाला की ती वाक्यात उपयोग करायला सांगायची. तुमच्या वर्गात कोणी केला?"

तो कॉम्प्युटर चालू करत होता. त्याचा हात जरा थांबला.

"मीच," तो म्हणाला. "मी उभा राहून म्हणालो, टीचर लुक्स अॅट अस अस्कान्स. बाई आमच्याकडं तिरकं बघतात. वर्ग असा फुटला म्हणता, शेजारच्या वर्गातले सर येऊन गेले."

"आणि ती?"

"त्या पण हसल्या. म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, पण खोटं आहे. मग फळ्याकडं गेल्या आणि…"

स्क्रीनवर तिचे दोन फोटो शेजारी शेजारी उघडले होते. एक मूळचा, एक त्यानं केलेला.

"फळ्यावर काय लिहिलं?"

"किती वर्षं झाली काका."

"हसलास ते आठवतंय ना? मग त्याच्या पुढचं आठव."

तो स्क्रीनकडं बघत बसला. बडीशेप चघळायचं थांबला होता.

"यू लुक अॅट टीचर अस्कान्स," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "असं लिहिलं. आणि म्हणाल्या, डोळा वाकडा असला तर त्याला हा शब्द लावायचा नाही. मनात आधीच काहीतरी धरून माणसाकडं बघितलं, की मग लावायचा. माझा डोळा वाकडा आहे, तुमचे सगळ्यांचे सरळ आहेत. आता घरी जाऊन आरशात बघा आणि उद्या मला येऊन सांगा, हा शब्द कोणाचा."

"मग? सांगितलंस दुसऱ्या दिवशी?"

"कोणीच नाही सांगितलं."

त्यानं आपण केलेला फोटो बंद केला. आता स्क्रीनवर ती एकटीच होती.

"केवढा काढू?" त्यानं विचारलं.

"याच्यापेक्षा मोठा."

फ्रेम बसवून होईपर्यंत सभा सुरू झाली होती. मी आणि बोराटे दोन्ही बाजूंनी फ्रेम धरून हॉलमध्ये शिरलो. स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक शेडगे सर आणि नातेवाईक म्हणून तात्या बसले होते. अजित पहिल्या रांगेत होता. मागं शिक्षक, जुने विद्यार्थी, गावातली माणसं. पुढं सतरंजीवर आठवी-नववीची मुलं. आणि स्टेजच्या मागं भिंतभर फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली तिचं नाव, आणि मधोमध ती कॅलेंडरवरची बाई, माणसाच्या दीडपट उंचीची. अजितनं आदल्या दिवशीच तो फोटो मोबाईलवरून शाळेत पाठवून दिला होता.

शेडगे सर घाईनं खाली आले. "या काका, तुमचीच वाट बघत होतो. तुमच्या हस्ते हार आहे." मग त्यांनी फ्रेम बघितली. "हा… मूळचा आहे वाटतं."

"होय. हा लावा."

त्यांनी मला जरा बाजूला घेतलं. सर माणूस वाईट नव्हे. शालनबरोबर कित्येक वर्षं नोकरी केलेली, तिच्या आजारपणात दोनदा घरी येऊन गेलेले.

"काका, फ्लेक्सवर बघा बाई किती प्रसन्न दिसतायत. हा फोटो कायमचा इथं राहणार. पाहुणे येतात, वर्षभर परीक्षा इथंच होतात. मुलं हसतील हो. मी बाईंच्या मानासाठीच सांगतोय."

"सर, परीक्षेला बाईंच्या वर्गात कधी कॉपी सापडली?"

"कॉपी?" सर गडबडले. "नाही. कधीच नाही."

"का नाही सापडली?"

सरांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी दाबायचा प्रयत्न केला. "बाई नेमकं कुठं बघतायत ते पोरांना कळायचंच नाही."

मागच्या रांगेतले जुने विद्यार्थी ऐकत होते. कोणीतरी फसकन हसलं. एक जण म्हणाला, "मी एकदा त्या तिकडं बघतायत म्हणून चिठ्ठी काढली, तर तिथनंच म्हणाल्या, खिशात ठेव बाळ, घाम लागेल तिला." मग सगळेच हसले. सर हसले. अध्यक्षांना काही ऐकू गेलं नव्हतं, ते शेजारी विचारायला लागले, काय झालं, काय झालं.

"आत्ता एवढे हसलात," मी म्हणालो. "कुणाचा मान गेला?"

सरांचं हसू थांबलं. "पण काका, फ्लेक्स लागलाय. सभा सुरू झालीय. नंतर निवांत बदलू."

"फ्लेक्स आत्ता उतरवा. ही माझ्या बायकोची सभा आहे. दुसऱ्या बाईला हार घालायला मी आलो नाही. तो खाली येत नाही तोवर मी बसणार नाही, आणि मी बसत नाही तोवर कोणी भाषण करायचं नाही."

मी मोठ्यानं बोललो होतो. ड्रायव्हरचा आवाज आहे, हॉलच्या शेवटपर्यंत गेला. अध्यक्ष सरांकडं बघायला लागले, सर अजितकडं. अजित जमिनीकडं बघत होता. मी फ्रेम धरून मध्येच उभा राहिलो. हाताला रग लागली होती, पण खाली ठेवायची नाही असं मी ठरवलं होतं. बोराटेनंही त्याची बाजू सोडली नाही.

तेव्हा स्टेजवर तात्या उठले. ते फ्लेक्सच्या कडेला गेले आणि खिडकीच्या गजाला बांधलेली दोरी सोडायला लागले. गाठ पक्की होती, त्यांना सुटेना. कोणाला काय करावं कळेना. मग अजित उठला, स्टेजवर चढला आणि मामांच्या हातातून गाठ घेतली. ती सुटली तशी फ्लेक्सची एक बाजू खाली आली आणि ती बाई अर्धी दुमडून लोंबायला लागली. अजितनं जाऊन दुसरी बाजूही सोडली.

आम्ही फ्रेम वर नेली. तात्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि खुर्चीवर ठेवायच्या आधी बराच वेळ समोर धरून बघितली. दोन्ही डोळ्यांकडं, आळीपाळीनं.

"मी हिच्याकडं असं कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी फ्रेम खुर्चीवर ठेवली, तोंड लोकांकडं करून. "बस अशीच," ते तिला म्हणाले.

मी हार घातला.

पुढं सतरंजीवर बसलेली एक मुलगी खुदकन हसली. दोन वेण्या, लाल रिबिनी. अजित माझ्या शेजारी उभा होता. तो ताठ झाला, मला त्याच्या दंडावरून कळलं. मुलीनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. मग ती डावीकडं झुकली. मग उजवीकडं झुकली.

"माझ्याकडं बघतायत," ती म्हणाली.

"नाही, माझ्याकडं," शेजारीण म्हणाली.

"हट्, तू आहेस तिकडं. माझ्याकडं."

त्यांच्या मागचा एक मुलगा सरकून त्यांच्या मध्ये आला आणि म्हणाला, "थांबा, मी बघतो." सगळी रांग झोके घेतल्यासारखी डावी-उजवीकडं हलायला लागली. शेडगे सरांनी डोळे वटारले तेव्हा कुठं ती थांबली.

अजितनं तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं रडतोय. थोडा रडतही होता.

"खिळा मी ठोकतो, बाबा," तो म्हणाला.

सभा झाल्यावर त्यानंच ठोकला. मुलं परीक्षेला बसतात त्यांच्या बरोबर समोरच्या भिंतीवर.

याला आता बरीच वर्षं झाली. फोटो तिथंच आहे. तात्या त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेडगे सर निवृत्त झाले. नवे सर आले त्यांनी एकदा तो काढून ऑफिसात लावायचं म्हटलं होतं, मी जाऊन भेटलो. पुन्हा म्हणाले नाहीत. हॉलमध्ये परीक्षा होतात आणि मुलं आधी येऊन भांडतात, बाईंच्या नजरेतला बाक कुणाला नको म्हणून. कुठलाच बाक सुटत नाही हे त्यांना दर वर्षी नव्यानं कळतं. तिला आता नवी मुलंही अस्कान्स बाईच म्हणतात. एकदा एका मुलीला मी त्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "आपण बघतो ते, आजोबा. बाई नाही." कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाबांनी. स्टुडिओवाल्या बोराटेची मुलगी निघाली.

तिच्या तिथीला मी हॉलमध्ये जाऊन बसतो. डावीकडचा पहिला बाक, खिडकीशी.

लग्नानंतर काही वर्षांनी तिला वाचताना त्रास व्हायला लागला, तेव्हा मी तिला साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तिला सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षरही सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, हा डावा डोळा लहानपणापासून बघतच नाही, नुसता आहे. यांचं सगळं बघणं उजव्या डोळ्याचं.

परत येताना गाडी दुसऱ्या ड्रायव्हरची होती. आम्ही दोघं डावीकडच्या सीटवर शेजारी बसलो होतो. चिंचांचा रस्ता लागला. वर तसाच आरसा होता, आणि मी त्यात बघत होतो. मागच्या माणसाचा उजवा डोळा आरशात आपल्या उजव्या हातालाच राहतो, हे कुठल्याही ड्रायव्हरला माहीत असतं. त्या वेळी माझ्यावर असायचा तो डोळा उजव्या हाताचा होता. खिडकीबाहेर जायचा तो डावा.

"शालन," मी म्हणालो, "तू तेव्हा चिंचा कुठल्या डोळ्यानं बघत होतीस?"

तिनं मान वळवली नाही. नुसती डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघून घेतलं.

"समोर बघा," ती म्हणाली.

"मी कशाला समोर बघू? गाडी काय मी चालवतोय?"

"तरी बघा."

मी समोर बघितलं. आरशात ती होती.

हॉलमध्ये त्या बाकावर बसलं की ती तशीच दिसते. उजवा डोळा माझ्यावर. डावा अजून चिंचांकडं.